‘ब्रीडेड’ आहे, पावतीही आहे, तरी गुन्हाच: तारा कासवाच्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

प्राणी पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा फिरतो. सार असं: ‘स्टार (तारा) कासव घरात ठेवायला हरकत नाही. बंदी जंगलातून पकडण्यावर आहे, ब्रीडेड (बंदिवासात पैदास झालेल्या) पिल्लावर नाही. पावती घ्या, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करा, विषय संपला. सापडलात तरी किरकोळ दंड. अमेरिकेत तर सरकारच लोकांना वाळवंटी कासवं देतं, घरोघरी पैदास झाली म्हणून ती जात टिकली. शिवाय घरात कासव असलं की लक्ष्मी येते. आणि नकोसं झालं तर जंगलात सोडून द्यायचं.’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. एका वाक्यात अर्धं सत्य आहे, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

‘बंदी पकडण्यावर आहे, ब्रीडेड पिल्लावर नाही’

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या व्याख्या वाचल्या तरी हा मुद्दा निकालात निघतो. ‘बंदिस्त प्राणी’ म्हणजे अनुसूचीतला (कायद्याला जोडलेल्या यादीतला) असा प्राणी, जो पकडलेला आहे, बंदिवासात ठेवलेला आहे किंवा बंदिवासात जन्मलेला आहे. तिन्ही प्रकार एकाच व्याख्येत बसवले आहेत. ‘प्राणी’ या शब्दात त्याची पिल्लं आणि अंडीही येतात. म्हणजे तुमच्या गच्चीवरच्या कुंडीत मादीने घातलेलं अंडंसुद्धा कायद्याच्या कक्षेत आहे. त्यापुढे कलम ३९ सांगतं की, कायदा मोडून पकडलेला, ठेवलेला किंवा बंदिवासात वाढवलेला वन्यप्राणी राज्य सरकारची मालमत्ता असतो. तुम्ही पैसे मोजलेत म्हणून मालकी तुमच्याकडे येत नाही, कारण विकणाऱ्याकडेच ती नव्हती.

आता व्यवहाराची बाजू पाहू. अंड्यातून निघालेलं पिल्लू साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असतं, काडेपेटीवर मावेल एवढं. त्याच्या कवचाकडे पाहून ते पिंजऱ्यात जन्मलं की माळरानावर, हे कुणालाही सांगता येत नाही. खात्री करायची तर आई-बापाची नोंद हवी, त्यांच्याही आई-बापाची हवी, आणि ही साखळी मागे कुठेतरी कुणीतरी रानातून उचललेल्या जोडीपाशीच जाऊन थांबते. मादी एका खेपेला साधारण तीन ते सहा अंडी घालते, ती उबून पिल्लं निघायला बहुतेक वेळा तीन महिन्यांहून जास्त लागतात, आणि पिल्लू वयात यायला वर्षं जातात. पैदास करून हे कासव स्वस्तात विकणं कुणालाच परवडणार नाही. स्वस्त मिळतं कारण ते वेचलेलं असतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच संकलन केंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार तारा कासवं बाहेर जात असल्याचं आढळलं होतं.

‘पावती आहे ना’

बंदिस्त वन्यप्राण्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि परवाना नसलेल्याकडून विकत घेणंही कायद्याने मना आहे. खासगी माणसाला तारा कासव पैदा करून विकू देणारी वाट कायद्यात ठेवलेलीच नाही. त्यामुळे ‘१ जोडी स्टार’ असं लिहिलेली पावती बचावाला येत नाही. उलट कधी, कुणाकडून, कितीला घेतलं, हे तुम्ही तुमच्याच हाताने लिहून ठेवलेलं असतं. त्यात कलम ५७ आहे: प्राणी तुमच्या ताब्यात होता हे सिद्ध झालं, की तो बेकायदा होता असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं.

पावतीवर बऱ्याचदा नुसतं ‘टर्टल’ किंवा ‘फिश अ‍ॅक्सेसरीज’ लिहिलेलं असतं. दुकानदाराला कायदा ठाऊक आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

‘परिवेशवर नोंद केली की कायदेशीर’

अर्धं सत्य म्हटलं ते इथे आहे. परिवेशवर प्राण्यांची नोंदणी खरोखर होते. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित झाले. ज्यांच्याकडे आधीपासून असे प्राणी होते त्यांना सहा महिने मिळाले, आणि त्यानंतर प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत नोंद करायची आहे. पण हे नियम अनुसूची ४ साठी आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची ४ म्हणजे ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्या-वनस्पतींची यादी. मकाव, इग्वाना, आफ्रिकेचं सल्काटा कासव यांच्या मालकांनी या नोंदणीकडे लक्ष द्यायचं आहे.

तारा कासव साइट्सच्या यादीतही आहे, म्हणून लोक फसतात. १९७५ पासून ते परिशिष्ट २ मध्ये होतं. २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत ते सर्वांत कडक अशा परिशिष्ट १ मध्ये गेलं, आणि २६ नोव्हेंबर २०१९ पासून तो बदल लागू झाला. पण एकच प्राणी अनुसूची १ किंवा २ मध्येही असेल आणि ४ मध्येही असेल, तर पहिल्या दोन अनुसूचींचे नियम चालतात, असं अधिनियमातच लिहिलं आहे. तारा कासव अनुसूची १ मध्ये आहे. त्यामुळे त्याच्यासाठी ती नोंदणी उपयोगाची नाही. ‘आफ्रिकन टॉर्टॉइज’ म्हणून अर्ज भरण्याचा सल्लाही ग्रुपांवर मिळतो. तसं करणं म्हणजे सरकारी अर्जात खोटी माहिती देणं, आणि अर्जासोबतच्या फोटोवरून प्रजाती ओळखणं अवघड नसतं. तारा कासवाच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मध्यावर पिवळा ठिपका असतो आणि त्यातून काळपट पार्श्वभूमीवर पिवळे किरण फाकलेले असतात. मानेच्या वर, कवचाच्या कडेला इतर पुष्कळ कासवांना असतो तो छोटा मधला खवला याला नसतो. आणि पोटाकडची बाजूही किरणांचीच असते. सल्काटा एकरंगी, वाळूच्या रंगाचं असतं.

२०२० ची ऐच्छिक घोषणेची (घरातले विदेशी प्राणी आपणहून सरकारला कळवण्याची) योजनाही या वादात ओढली जाते. तिच्यातली ‘विदेशी प्राणी’ ही व्याख्याच अशी होती की भारतीय अधिनियमाच्या अनुसूचींतला प्राणी तिच्यात बसत नव्हता. तेव्हा तारा कासवाची घोषणा केलेल्यांच्या हातातल्या कागदाला या कासवापुरती किंमत नाही.

‘किरकोळ दंड होतो’

ही माहिती शिळी आहे. पूर्वी तारा कासव जुन्या अनुसूची ४ मध्ये होतं. तेव्हाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद होती, पण तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटू शकायचं. ‘किरकोळ’ ही समजूत त्या काळातली. १ एप्रिल २०२३ पासून २०२२ ची दुरुस्ती लागू झाली आणि तारा कासव अनुसूची १ मध्ये आलं, म्हणजे वाघाच्या रांगेत. आता कैद किमान तीन वर्षं, कमाल सात, आणि शिवाय दंड किमान २५ हजार. किमान कैद ठरलेल्या गुन्ह्यात तडजोड करता येत नाही, त्यामुळे पैसे भरून सुटायचा तो रस्ताच बंद झाला.

‘अमेरिकेत सरकारच देतं’

देतं, पण कोणतं कासव आणि कोणत्या अटींवर, हे फॉरवर्डमध्ये नाही.

नैऋत्य अमेरिकेतल्या वाळवंटी कासवाच्या दोन प्रजाती आहेत. २०११ पर्यंत ती एकच मानली जायची. कोलोरॅडो नदीच्या उत्तर-पश्चिमेकडच्या मोहावी कासवाला ऑगस्ट १९८९ मध्ये तातडीने आणि २ एप्रिल १९९० पासून कायमचं संघीय संरक्षण मिळालं. रानातलं कासव उचलणं तेव्हापासून संघीय गुन्हा आहे. पण त्याआधी कित्येक दशकं लोकांनी सहलीहून येताना कासवं घरी आणली होती, आणि हजारो परसांत ती होती. ती परत रानात सोडणं धोक्याचं आणि सगळी जप्त करून ठेवायला जागा नाही, अशा कात्रीतून दत्तक योजना निघाली.

दत्तक मिळतात ती हीच घरातली, सोडून दिलेली किंवा हरवून सापडलेली कासवं. विकत मिळत नाहीत. कॅलिफोर्नियात राज्याचा परवाना लागतो. नेवाडात ४ ऑगस्ट १९८९ पूर्वीपासून बंदिवासात असलेली कासवं आणि त्यांची संतती एवढीच वैध धरली जातात, आणि मे २०१३ पासून नव्याने घेणाऱ्याला एकच कासव ठेवता येतं. अ‍ॅरिझोनात नदीपलीकडचं सोनोरी कासव असतं. तिथेही माणशी एक, आणि ते राज्याबाहेर नेता येत नाही. दत्तक घेणाऱ्याने आधी आवार तयार करून दाखवायचं असतं: कासव खणून किंवा चढून जाणार नाही अशी भिंत, सावली, ऊन-थंडीपासून आसरा देणारं बीळ, आणि पोहण्याच्या तलावापासून आडोसा.

आता पैदाशीचं. नेवाडा आणि अ‍ॅरिझोना या दोन्ही राज्यांत घरगुती पैदास मनाच आहे. घरांतली कासवं कमी नाहीत, जास्त झाली आहेत, आणि ती ठेवायची कुठे हाच तिथला प्रश्न आहे. लास वेगासजवळचं वाळवंटी कासव संवर्धन केंद्र तर लोकांनी आणून दिलेल्या कासवांच्या ओझ्याखाली दबलं होतं, २०१४ मध्ये ते बंद झालं. नुसते नर-मादी वेगळे ठेवूनही लगेच भागत नाही, कारण मादी शुक्राणू शरीरात साठवते आणि नराशिवायही पुढे काही वर्षं फलित अंडी घालू शकते. म्हणून एकच कासव ही अट.

दुसरं कारण रोगाचं. ‘मायकोप्लाझ्मा अगासिझाय’ या जिवाणूमुळे या कासवांच्या वरच्या श्वसनमार्गाला जुनाट संसर्ग होतो. नाक वाहतं, पापण्या सुजतात, मग बरं वाटतं, पण जिवाणू शरीरात राहतो. असं दिसायला ठणठणीत कासव रानात सोडलं की ते तिथल्या कळपांत रोग नेतं. घरातलं कासव रानात सोडायला तिथे बंदी आहे ती यासाठी. पिल्लं सुरक्षित वाढवून सोडण्याचे प्रयोग होतात, उदाहरणार्थ ट्वेंटीनाइन पाम्सच्या मरीन तळावर, पण ते रानातल्या माद्यांच्या अंड्यांवर, कावळ्यांपासून (तिथले मोठे डोमकावळे पिल्लांचं कवच फोडतात) जाळी लावून, संघीय परवानगीने होतात. परसातल्या जोडीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तेव्हा ‘घरोघरी पैदास झाली म्हणून जात टिकली’ हे वाक्य कुठून आलं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘घरात कासव असलं की लक्ष्मी येते’

देवळाच्या सभामंडपातलं कासव दगडाचं असतं. पितळी कासव पाण्याच्या ताटलीत ठेवतात, त्यालाही काही होत नाही. तारा कासव मात्र कोरड्या झुडपी माळावरचा प्राणी आहे. त्याला पोहता येत नाही, आणि माशांच्या टाकीत ठेवलं तर बुडतं. काकडी-टोमॅटोवर ठेवलेल्या, उन्हाची अतिनील किरणं न मिळालेल्या पिल्लाचं कवच वर्षभरात मऊ पडतं, अंगठ्याने दाबलं की दबतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण काच हवी ती किरणंच अडवते.

‘नकोसं झालं तर जंगलात सोडा’

तारा कासवाचा मुलूख तीन तुटक पट्ट्यांत आहे: गुजरात-राजस्थान आणि लगतचा पाकिस्तान, दक्षिण-पूर्व भारत, आणि श्रीलंका. तुमचं कासव यातल्या कुठल्या पट्ट्यातलं, हे तुम्हाला माहीत नसतं. मुंबईकर माणूस ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नेऊन सोडतो. तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. या कासवाला त्या चिखलात न्यूमोनिया होतो. घरातून नेलेला रोग तिथल्या इतर कासवांना लागू शकतो, ते वेगळंच.

मग करायचं काय? कलम ३९ प्रमाणे असा प्राणी हाती आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत वन अधिकाऱ्याला कळवायचं असतं. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. कर्मचारी येईपर्यंत कासव भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाला वर्तमानपत्र अंथरून, कोरडं ठेवा. खोक्यात पाण्याची वाटी ठेवू नका, दूध-पाव देऊ नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कुठे आणि किती वाजता सापडलं ते लिहा. कुरिअरने किंवा एसटीतून दुसऱ्याकडे पाठवू नका, वाटेत पकडलं गेलं तर ती वाहतूक ठरते. ताबा देताना पंचनाम्याची किंवा पोचपावतीची प्रत मागून घ्या, त्यावर तारीख, वेळ आणि कासवांची संख्या नीट लिहिली आहे ना ते तिथेच तपासा.

कासव कित्येक वर्षं घरात असेल, तर ४८ तास केव्हाच उलटून गेले. अशा वेळी आधी फौजदारी वकिलाशी बोला, मग त्याच्यामार्फत उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन कासव जमा करा. ‘ओळखीच्या’ प्राणिमित्राला गुपचूप देऊन टाकणं म्हणजे हस्तांतरण. त्यात त्याचंही नाव प्रकरणात येतं.