दोन हक्क, एकच शरीर

गर्भपाताच्या नैतिकतेवरची चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी अडते: गर्भ ही व्यक्ती आहे की नाही? प्रश्न महत्त्वाचा आहे, पण त्याच्या उत्तराने वाद मिटतो असे मला वाटत नाही.

जुडिथ जार्विस थॉमसन या तत्त्वज्ञ स्त्रीने १९७१ साली हा प्रश्न बाजूला ठेवूनच युक्तिवाद केला. गर्भाला जगण्याचा पूर्ण हक्क आहे असे त्यांनी वादापुरते मान्य केले आणि विचारले, की या हक्कात दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्कही येतो का? समजा, तुम्हाला पळवून नेऊन एका आजारी वादकाला जगवण्यासाठी त्याचे रक्ताभिसरण तुमच्या मूत्रपिंडांना जोडले, तर नऊ महिने तसेच पडून राहणे तुमचे कर्तव्य ठरेल का? यावरचा आक्षेप ठाऊक आहे: बहुतेक गर्भधारणांत कोणी पळवून नेलेले नसते, शरीरसंबंध स्वेच्छेने ठेवलेले असतात. पण धोका पत्करणे म्हणजे परिणामाला संमती देणे नव्हे. शिवाय जन्मलेल्या मुलाला मूत्रपिंड हवे असले, तरी ते देण्याची सक्ती आपण बापावरही करत नाही. १९७८ साली पेनसिल्व्हेनियातील एका न्यायालयासमोर एक मरणासन्न रुग्ण आला होता आणि त्याला चुलतभावाची अस्थिमज्जा हवी होती. न्यायाधीशांनी भावाचा नकार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवला, तरीही सक्ती करण्यास नकार दिला. रुग्ण त्यानंतर लवकरच वारला. निंदनीय कृत्य आणि सक्तीने रोखण्याजोगे कृत्य यांतील हे अंतर गर्भपाताच्या वादात सर्रास विसरले जाते.

विरुद्ध बाजूचा मला सर्वांत भक्कम वाटणारा युक्तिवाद अमेरिकन तत्त्वज्ञ डॉन मार्क्विस यांचा आहे. तो त्यांनी १९८९ साली मांडला आणि त्यात व्यक्तित्वाची व्याख्याच लागत नाही. एखाद्याला मारणे वाईट, कारण त्यामुळे त्याचे सारे भविष्य, त्यातले अनुभव, नाती आणि कामे हिरावली जातात. गर्भापुढेही असे भविष्य असते. हे मला खरे वाटते, आणि म्हणूनच गर्भपाताला कुठलेच नैतिक वजन नाही असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. तरीही कुणाचे भविष्य मौल्यवान आहे एवढ्याने ते घडवण्यासाठी दुसऱ्या माणसाला स्वतःचे शरीर द्यावेच लागेल, हे सिद्ध होत नाही.

'हक्कांचा संघर्ष' म्हटले की शेताच्या बांधावरून भांडणारे दोन शेजारी डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र एक पक्ष दुसऱ्याच्या आत आहे. गर्भाच्या वतीने केलेली प्रत्येक सक्ती त्या स्त्रीच्या रक्तातून, हाडांतून आणि झोपेतून जाते, आणि प्रसंगी तिच्या जिवावरही बेतते. त्यामुळे ती स्त्री एका पारड्यात आणि गर्भ दुसऱ्यात, असा तराजू मला मुळातच चुकीचा वाटतो.

मात्र देहाच्या स्वायत्ततेचा युक्तिवाद गर्भारपण संपवण्याचा हक्क देतो, गर्भाच्या मृत्यूची हमी मागण्याचा नाही. थॉमसन यांनीही हे स्पष्ट म्हटले होते. साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आसपास, प्रगत उपचार हाताशी असतील तर, गर्भ बाहेर जगण्याची खरी शक्यता निर्माण होते. तेव्हापासून या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात, आणि स्त्रीच्या जिवाला धोका किंवा गर्भात जीवघेणा दोष नसेल, तर त्या टप्प्यावर गर्भाचा जीव वाचवण्याचा प्रयत्न व्हावा असे मी मानतो. इथे माझ्याच बाजूचे अनेक जण माझ्याशी असहमत आहेत.