मॅमथ केव्हला जाताय? मग हॉर्स केव्हलाही थांबा

मंडळी, लाँग वीकेंड आला की अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्हचे फोटो सुरू होतात. जगातली सगळ्यात लांब गुहा, ६८० किलोमीटरच्या वर मोजून झालीय, बघायलाच पाहिजे, वाद नाही. पण जवळच हॉर्स केव्ह नावाचं छोटं गाव आहे, तिथं बहुतेक जण गाडीचा वेगसुद्धा कमी करत नाहीत, आणि माझ्या मते खरी बघण्यासारखी गोष्ट तिथंच आहे.

मेन स्ट्रीटवर अमेरिकन केव्ह म्युझियम आहे आणि त्याला लागूनच हिडन रिव्हर केव्हचं भलंमोठं तोंड. गावाच्या मधोमध! वर दुकानं, खाली नदी. आमच्यातले एक काका खाली उतरल्यावर म्हणाले, "अरे पण ती छताला लोंबणारी दगडी झुंबरं कुठायत, पांढरी पांढरी?" नाहीत काका. नदीने कोरलेला अंधारा बोगदा, चिखल आणि पाण्याचा आवाज, बास.

पण या पाण्याची हिस्ट्री ऐका. गेल्याच्या गेल्या शतकाच्या शेवटाला डॉक्टर थॉमस म्हणून गुहेचे मालक होते, त्यांनी ह्याच नदीचं पाणी पंपाने वर गावाला दिलं आणि तिच्यावरच वीज केली, ती जुनी मशिनरी गंजून अजून खाली पडलीय. १९१६ ला टुरिस्ट यायला लागले. आणि वर गाव काय करत होतं तर आपलं सांडपाणी खड्ड्यांत सोडत होतं. १९४३ ला गुहा बंद! नंतर दुधाच्या कारखान्याची घाण आली, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांचे जड धातू आले, मेन स्ट्रीटवर नाक धरून चालायची वेळ आली, आणि हे थोडंथोडकं नाही, कित्येक दशकं चाललं.

वरची घाण अशी थेट गुहेत उतरायची, कारण तिथला दगड चुनखडीचा. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन येतो, थोडासा आम्लधर्मी होतो आणि चिरांमधून दगड विरघळवत जातो, म्हणून वर ओढे फारसे नाहीत, सगळं पाणी सिंकहोलमधून, म्हणजे जमीन खचून झालेल्या खड्ड्यांतून, सरळ खाली. वाळूतून गाळलं जातं तसं काही नाही, पाइपातून गेल्यासारखं जातं. (जवळच बोलिंग ग्रीनला २०१४ मध्ये कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या म्युझियमची जमीन खचून आठ गाड्या आत गेल्या, तो व्हिडिओ आठवतो ना? तोच प्रकार.) जेम्स क्विनलन नावाच्या शास्त्रज्ञाने त्या भागात पाण्यात रंग सोडून तो कुठल्या झऱ्यातून निघतो हे शोधलं, झऱ्यांत कोळशाच्या पुड्या लावून ठेवायचे, रंग त्यात धरला जातो. गावची घाण थेट ग्रीन रिव्हरच्या काठच्या झऱ्यांत निघत होती! मग १९८९ ला नवी सांडपाणी यंत्रणा झाली, १९९३ ला गुहा परत उघडली, आणि गुहेच्या अंधारात राहणारे आंधळे मासेही परत आले.

मला आवडलं ते हे की म्युझियम गावाने स्वतः केलेली घाण लपवत नाही. आपल्याकडं असं म्युझियम काढलं असतं तर उद्घाटनाचे फोटो लागले असते, नदीमातेची आरती झाली असती, आणि सांडपाणी कुणी सोडलं ते सोयीस्कर गाळलं असतं. आता कुणी म्हणेल आपला काळा बेसाल्ट काय असा विरघळत नाही, आपल्याला काय त्याचं? खरंय, विरघळत नाही, पण पाणी आपल्याकडंही त्याच्या चिरासांध्यांतूनच मुरतं आणि वापरात नसलेल्या आडात गावोगाव कचराच टाकतात की.

एक तक्रार मात्र आहे. हल्ली जाहिरात सगळी खाली गुहेतल्या झुलत्या पुलाची. पूल भारी आहे, पोरं खूश होतात, पण पोरांना आधी म्युझियममध्ये फिरवा, नाहीतर त्यांच्या डोक्यात फक्त पूलच राहतो.

आणि हो, पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, जेवढ्या उतरलात तेवढ्या चढायच्या आहेत. आजी-आजोबांना आधीच विचारून घ्या. गाईडला त्या वासाच्या दिवसांबद्दल नक्की विचारा.