हत्यारं तेवढी उचलली

वादात वापरायचे इंग्रजी शब्द हल्ली सगळ्यांच्या तोंडी बसलेत. स्ट्रॉमॅन (समोरच्याचं म्हणणं विपर्यस्त करून तेच खोडणं), अ‍ॅड होमिनेम (मुद्द्याऐवजी माणसावर घसरणं), व्हॉटअबाउटरी ("मग त्यांचं काय?" म्हणून विषय उलटवणं), रेड हेरिंग (भलतंच काही काढून लक्ष वळवणं). दोन कमेंटी होत नाहीत तोच कुणीतरी यातला एखादा फेकून मारतो आणि जिंकल्यासारखा निघून जातो. माझी तक्रार शब्दांबद्दल नाही. इंग्रजीतल्या वादाच्या भांडारातून आपण फक्त हत्यारं उचलली, ही आहे. समोरच्याचं अर्धं मान्य करायचे, स्वतःचं विधान आवरतं घ्यायचे शब्द तिथेच धूळ खात पडलेत. आणि माझ्या मते खरा ऐवज तोच आहे.

बरं, हत्यारं तरी नीट चालवता येतात का? अ‍ॅड होमिनेम घ्या. "तू मूर्ख आहेस" ही नुसती शिवी झाली. "तू मूर्ख आहेस, म्हणून तुझा मुद्दा चुकीचा" हे अ‍ॅड होमिनेम. पण एखादा माणूस "माझ्यावर विश्वास ठेवा, हे औषध उत्तम आहे" म्हणतोय आणि त्याला कंपनीकडून पैसे मिळतात हे कुणी दाखवून दिलं, तर त्यात तर्कदोष काहीच नाही. तो स्वतःची साक्ष पुढे करतोय, मग साक्षीदार तपासायलाच हवा. तरी अशा वेळी "अ‍ॅड होमिनेम!" म्हणून आरडाओरडा होतो. शिवाय युक्तिवादात खोट निघाली म्हणजे निष्कर्षही खोटा ठरला, असं होत नाही. खरी गोष्टसुद्धा लोक वाईट कारणं देऊन सांगतात.

'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट'चं तर पार मातेरं झालंय. कॅथलिक चर्चमध्ये हे खरोखरीचं पद होतं, 1587 पासून रीतसर. कुणाला संत घोषित करायचं असेल, तर त्याच्या विरोधात जे जे सापडेल ते मांडायचं, हे या माणसाचं काम. 1983 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती प्रक्रिया बदलली आणि या पदाचं महत्त्व फारसं उरलं नाही. गंमत अशी, की तो नेमलेला असायचा आणि तो विरोध कर्तव्य म्हणून करतोय हे सगळ्यांना ठाऊक असायचं. आता ज्याला स्वतःचंच मत मांडायचंय पण त्याची जबाबदारी नकोय, तो "मी आपला डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट" म्हणत येतो. हा सैतानाचा वकील नाही, स्वतःचाच आहे. फी मात्र आपण भरतो.

'रिफ्यूट'बद्दल मी जरा कर्मठ आहे, आधीच सांगतो. "त्यांनी आरोप रिफ्यूट केले" असं बातमीत येतं, तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी ते फक्त नाकारलेले असतात. नाकारणं म्हणजे 'डिनाय'. प्रतिवाद मांडणं म्हणजे 'रिबट'. 'रिफ्यूट' म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढणं. इंग्रजी बोलणारेच हल्ली सर्रास नाकारण्याच्या अर्थाने तो वापरतात आणि शब्दकोशांनीही तशी नोंद घेतलीय, मान्य. पण या तिन्हीतला फरक गेला की नुसतं "नाही" म्हणणाऱ्याला फुकटात विजय मिळतो.

वर मी सहज "मान्य" म्हणालो ना, मला बोलायचंय ते त्याबद्दलच. इंग्रजीत यासाठी केवढी सोय आहे! 'ग्रँटेड' (मान्य), 'आय कन्सीड दॅट' (एवढं कबूल करतो), 'फेअर पॉइंट' (मुद्दा रास्त आहे), 'फॉर द सेक ऑफ आर्ग्युमेंट' (वादापुरतं धरून चालू), 'आय स्टँड करेक्टेड' (माझं चुकलं, दुरुस्ती मान्य). समजा, कुणी म्हणालं, "घरून काम केलं की काम जास्त होतं." यावर "साफ चूक" म्हटलं, की तासभराची निश्चिंती. त्याऐवजी "ग्रँटेड, एकट्याने करायचं काम जास्त होतं. पण नव्या माणसाला कोण शिकवणार?" असं विचारलं, तर भांडणाचं निम्मं मैदान तिथेच रिकामं होतं. उरतो तो नेमका प्रश्न, ज्याच्यावर बोलण्यात अर्थ आहे. समोरचाही मग "हो, सगळ्याच कामांना नाही" म्हणून आपलं विधान थोडं आवरतं घेतो. यालाच 'क्वालिफाय' करणं म्हणतात. ही शरणागती नव्हे. उलट जो मुद्दा सोडायचा नाही, तो धरून ठेवायला यामुळे बळ उरतं.

आता "विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट"ला या पंगतीत बसवू नका. त्याच्यापाठोपाठ आदर आलेला मी तरी पाहिलेला नाही.

कधीकधी तर दोघांना हवं असतं एकच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांच्या एका बैठकीत 'टेबल' या शब्दावरून लांबलचक, कडवट वाद झाला, असं चर्चिलनेच लिहून ठेवलंय. ब्रिटिश इंग्रजीत 'टेबल' करणं म्हणजे विषय लगेच चर्चेला घेणं, अमेरिकन इंग्रजीत तो बाजूला ठेवणं. मूळ विषयावर दोन्ही बाजू एकाच मताच्या होत्या. "तुम्ही नक्की काय म्हणताय?" एवढं कुणी विचारलं असतं तर भागलं असतं.

बाकी 'फेअर पॉइंट' तेवढा आपल्याकडे थोडाफार रुजलाय. फक्त त्याच्या पुढे 'बट' न लावता थांबणारा माणूस मला अजून भेटायचाय. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर खाली टॅग करा.