गळक्या छताचं लेखाशीर्ष

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. बाकी देश आयकराचा टप्पा शोधत असतो, तेव्हा नागपूरजवळच्या कामठी छावणीपासून वायुसेनानगरापर्यंतची सैनिकी क्वार्टरं छताकडे बघत भाषण ऐकतात. २०२५-२६ साठी संरक्षणाला ६.८१ लाख कोटी रुपये. एवढ्यात बाथरूमची गळती थांबायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल बाप्पा. पण या रकमेच्या मागण्या (लोकसभेनं मंजूर करायचे खर्चाचे गठ्ठे) चार: मंत्रालयाचा नागरी खर्च, सैन्यदलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. नवं घर बांधायचं तर भांडवली, जुन्याची डागडुजी महसुली; दोन्हींचं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबाचं खातं, वेगळं. म्हणजे विमानांसाठी भांडवली तरतूद वाढली म्हणून बाकं वाजतात, तेव्हा आपल्या छताच्या वाट्याला छदामही वाढलेला नसतो.

मग लोकसभेत चर्चा. तिथं कपात सूचना, म्हणजे मागणीची रक्कम कमी करा असा प्रस्ताव, तीन प्रकारची. धोरणच पटत नसेल तर मागणी १ रुपयावर आणा म्हणायचं, काटकसर हवी तर ठरावीक रक्कम छाटायची, आणि एखादं नेमकं गाऱ्हाणं असेल तर १०० रुपये कापा म्हणायचं. गळती तिसऱ्यात बसते. ही सोय मला फार आवडते. लाखो कोटींतली शंभराची एक नोट काढून घ्या, पण आमच्या बाथरूमबद्दल बोलू द्या! बोलायची पाळी येईपर्यंत बहुधा गिलोटिन पडतं आणि राहिलेल्या मागण्या चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात.

अमेरिकेत लष्करी बांधकाम आणि सैनिकांच्या कुटुंबांची घरं यांची तरतूदच वेगळी मांडतात. भांडणं तिकडेही आहेत, पण बांधकामाचा पैसा ५ वर्षं जिवंत राहतो. आपला ३१ मार्चला मध्यरात्री प्राण सोडतो.

आणि इथंच नागपूरचं हवामान आडवं येतं. मे महिन्यात स्लॅब दिवसा तापून फुगतो, रात्री आकसतो, कठड्याच्या सांध्यात केसाएवढी भेग पडते. जूनच्या पहिल्या सरीला ती बरोबर सापडते. दुरुस्ती एप्रिल-मेमध्ये व्हावी, पण तेव्हा नव्या वर्षाचा पैसा खाली झिरपायचा असतो. (पैशापेक्षा पाणी लवकर झिरपतं.) मंजुरी, अंदाजपत्रक, निविदा होता होता पाऊस, दिवाळी आणि विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशनही उरकतं. काम सुरू होतं मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात.

काम तसं अवघड नाही. जुना कोबा (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) उकरायचा, भेगांत सिमेंटचा ग्राउट, म्हणजे पातळ कालवण, भरायचा, विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालायचा, पन्हाळीच्या पाइपाकडे १०० ला १ ढाळ द्यायचा, कठडा आणि गच्ची जिथं मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई (वाटा) काढायची. मग निदान आठवडाभर ओलं ठेवायचं. ३१ तारीख मानगुटीवर असली की नेमका हा आठवडा कापला जातो. कोबा कच्चा सुकतो, त्याला स्वतःच्या भेगा पडतात, आणि पुढच्या वर्षीच्या मागणीची सोय होते.

कैकदा तर गळती छताची नसतेच. कूलरचा फ्लोट अडकतो, टाकी भरून वाहते, छज्ज्यावरून पाणी भिंतीत मुरतं. यावर इमारतवाले म्हणतात पाणी कूलरचं, वीजवाले म्हणतात भिंत इमारतीची. म्हणून तक्रार लिहिण्याआधी कूलर दोन दिवस बंद ठेवून डाग वाळतो का ते बघावं. मे महिन्यात हा प्रयोग करणाऱ्याला शौर्यपदक द्यावं, असं माझं मत आहे.

कोबा पुरा वाळला की चाचणी: पाइपाचं तोंड बंद करून गच्चीवर पाणी साठवायचं आणि ४८ तास थांबायचं. नागपुरी उन्हात पातळी उतरतेच. पाणी मुरलं की उडालं, यावर ठेकेदार आणि तपासनीस दिवसभर वाद घालू शकतात. तोड सोपी आहे. शेजारी उन्हातच एका बादलीत तेवढंच खोल पाणी ठेवायचं. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर उडालं, गच्चीवर जास्त उतरलं तर मुरलं.

बादली मात्र घरून आणावी. तिचं लेखाशीर्ष वेगळं आहे.