आधी व्यापारी हाकला, मग फीत कापा

समजा, एखादा द्राक्षांचा प्रांत तुमच्या ताब्यात आला आहे. निवडणुकांची कटकट नाही, वर्तमानपत्रं तुमचीच, विरोधक तुरुंगात. आता वाइन खपवायची कशी, एवढंच उरलं. जर्मनीच्या फाल्ट्स भागात नाझींनी १९३५ साली याचा कित्ता घालून दिलेला आहे, तो डोळे मिटून गिरवा.

सुरुवातीला बाजार उठवा. फाल्ट्सची वाइन शहरोशहरी नेऊन विकणाऱ्यांत ज्यू व्यापारी बरेच होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखी, उधारीच्या वह्या, कुठल्या गिऱ्हाइकाला कुठली चव लागते ही माहिती, सगळं त्यांच्यापाशी. अशी माणसं असली की माल गुपचूप विकला जातो आणि श्रेय घ्यायला तुम्हाला जागाच राहत नाही. तेव्हा त्यांना धंद्यातून हुसका. कधी निसर्गही मदतीला येतो. १९३४ आणि १९३५, दोन्ही वर्षी द्राक्षं उदंड आली. तळघरं तुडुंब, उचलणारा कोणी नाही. झालं तर! आता तारणहार व्हायला तुम्ही मोकळे.

मग दत्तकविधान उरका. एकेका शहराने वाइनचं एकेक गाव दत्तक घ्यायचं आणि त्या गावची वाइन आपल्या नागरिकांना पाजायची. तिचं नाव ‘पाटेनवाइन’, म्हणजे पालकत्वाची वाइन. शहराला तहान आहे का, असले प्रश्न हुकूमशाहीत विचारत नाहीत. खुद्द हिटलर दारूच्या फारसा वाटेला जात नसे, पण पाजणाऱ्याने प्यायलाच हवं असं थोडंच आहे?

रस्ता तर हवाच. गावं, मळे, वाटा शतकानुशतकं तिथेच असतात; तुम्ही नुसतं बारसं करायचं. १९ ऑक्टोबर १९३५ रोजी पक्षाचा प्रांतप्रमुख योझेफ ब्युर्केल याने सुमारे ८० किलोमीटरच्या ‘जर्मन वाइनमार्गा’चं उद्घाटन केलं. फ्रान्सच्या सीमेलगत श्वाइगेनला पुढच्याच वर्षी दगडी वेस उभी राहिली. नॉयश्टाट शहराच्या नावाला ‘वाइनमार्गावरचं’ अशी शेपटी लागली, ती आजही आहे.

काही भव्य बघायचंच असेल तर वाटेत बाड ड्युर्कहाइमला थांबा. तिथे १९३४ साली बांधलेलं १७ लाख लिटर मापाचं लाकडी पिंप आहे. वाइन त्यात कधी भरलीच नाही. आत खानावळ आहे. बडा घर पोकळ वासा! (पिंपवाल्याला दोष नको. आपलं पिंप पोकळ आहे हे त्याने निदान लपवलं नाही.)

राहता राहिले हुसकलेले लोक. तेही काम ब्युर्केलनेच मार्गी लावलं. २२ ऑक्टोबर १९४० रोजी, उद्घाटनाला पाच वर्षं आणि तीन दिवस झाले असताना, त्याने आणि शेजारच्या बाडेनच्या प्रमुखाने आपापल्या मुलखातले मिळून साडेसहा हजार ज्यू आगगाड्यांत भरून फ्रान्समधल्या गुर्सच्या छावणीत धाडले. या कार्यक्रमाला मात्र फीत लावू नका. पाहुण्यांना त्या दिवशी वाइनमार्गावर फिरवून आणा.