स्वादुपिंडाला नाइट ड्यूटी लावा

डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 पेशींचा एक पुंजका असतो. तांदळाच्या दाण्याहून लहान. झोप कधी, भूक कधी, अंगाचं तापमान कधी चढणार-उतरणार हे सगळं वेळापत्रक तो ठरवतो आणि तुम्हाला विचारतही नाही. तुम्ही ईएमआय भरता, सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवून बोलता. हे खपवून घेऊ नका.

सुरुवात मोबाइलपासून करा. हा पुंजका उजेडावरून वेळ ओळखतो आणि निळसर उजेडाला तर लगेच भुलतो. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि 'रात्र झाली हो' अशी दवंडी शरीरभर पिटली जाते. ती बंद पाडायची. दिवे मालवून पांघरुणात शिरा, स्क्रीन नाकापासून वीतभर धरा आणि साडूच्या मेहुण्याचे मनालीचे फोटो शेवटपर्यंत बघा. नाइट मोड जरूर लावा. त्यानं मनाला बरं वाटतं आणि आणखी अर्धा तास बघायला बळ येतं.

मग भूक लागेल, काळजी नको. शिकागो विद्यापीठात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन 18 टक्क्यांनी घसरलं, भुकेची हाकाटी करणारं घ्रेलिन 28 टक्क्यांनी चढलं आणि पोरांना गोड, खारट, पिठूळ खावंसं वाटू लागलं. तो निकाल 2004 साली छापून आला. फक्त दोन रात्री! तुमच्या वेबसीरिजचा तर अजून चौथा सीझन बाकी आहे.

तेव्हा पावणेबाराला बिर्याणी मागवा. हीच बिर्याणी सकाळी खाल्ली असती तर रक्तातली साखर बऱ्यापैकी आवरली असती. पण रात्री पेशी इन्सुलिनला फारशा जुमानत नाहीत, आणि मेलाटोनिन चढलेलं असताना ते बनवणारं, म्हणजे इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंडही हात आखडता घेतं. बँकेचं शटर अर्धं खाली आलंय, आत माणसं दिसतायत, पण पासबुक कोणी भरून देणार नाही, तशी अवस्था. तुम्ही मात्र रायत्यासकट आत घुसा. शेजारचे जैन काका सूर्यास्ताच्या आत जेवून मोकळे होतात, त्यांच्याकडे कीव आल्यासारखं बघा.

इंटरकॉम वाजेल. गेटवर वॉचमन आणि हेल्मेट न काढलेला डिलिव्हरीवाला पोरगा उभे असतील. या दोघांना, आणि तिकडे सिव्हिलमध्ये रात्रपाळीला असलेल्या सिस्टरला, हे सगळं पोटासाठी करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं, ते त्यांच्या वाट्याचं. तुमचं हौसेचं आहे. टिप द्या, पुण्य लागेल.

शनिवारी तीनला झोपा आणि रविवारी मिसळीच्या वेळेला नाही, जेवणाच्या वेळेला उठा. सोमवारी सहाचा गजर आहेच. शास्त्रज्ञ याला सोशल जेटलॅग म्हणतात. तिकीट, व्हिसा काही न काढता लंडनला जाऊन आल्याचा शीण मिळतो, तोही दर आठवड्याला.

'निसर्गाचं घड्याळ' वगैरे ऐकवणाऱ्यांना भीक घालू नका. 1729 मध्ये फ्रान्सच्या द मेरान यांनी लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. मिटणारच. लाजाळूला वायफाय कुठे होतं? फळमाशीच्या पेशींत हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 चं नोबेल मिळालं. पिकलेल्या केळ्यावरचं चिलट वेळेवर झोपतं म्हणून तुम्हीही झोपायचं? काही स्टेटस आहे की नाही?

एवढं नेटानं केलंत की एक दिवस एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट साडेसहाच्या पुढचा, मधुमेहाचा आकडा दाखवेल. डॉक्टर विचारतील, रात्री किती वाजता जेवता? 'आठला' म्हणा. झोप? 'दहाला पाठ टेकतो.' तरी ते चष्म्यावरून बघतच राहिले तर सुस्कारा सोडा आणि सांगा, "शुगर आमच्या घराण्यातच आहे हो. वडिलांनाही होती."