खुलासा: पाण्यात तेल टाकल्याने बिर्याणीचा भात मोकळा होत नाही

‘तांदूळ उकळताना पाण्यात दोन चमचे तेल टाका, शिताला शीत चिकटणार नाही’ हा सल्ला सध्या बराच फिरतोय. तो चुकीचा आहे. तेल वर तरंगतं. पाण्यात बुडालेल्या तांदळाला ते जवळपास लागतच नाही. निथळताना थोडं लागतं, एवढंच.

चिकटपणा येतो तो तांदळावरच्या सुट्या स्टार्चमुळे. म्हणून बासमती हलक्या हाताने तीन-चार पाण्यांनी धुवा, 30 मिनिटं भिजवा आणि अर्ध्या किलोला किमान 3 लिटर खळखळतं पाणी घ्या. मीठ इतकं, की पाणी चाखल्यावर खारट लागावं. तांदूळ टाकल्यावर पाच-सहा मिनिटांनी शीत बोटांत दाबून पाहा: तुटावं, पण मध्ये बारीक पांढरी कणी दिसावी. तेव्हाच चाळणीत ओता. इथे दोन मिनिटं उशीर झाला, तर दमाच्या वाफेत भाताचा लगदा ठरलेलाच, मग तेल चमचाभर घाला नाहीतर वाटीभर.

लिंबाचा रस मात्र जरूर पिळा, भात पांढराशुभ्र राहतो. आणि तूप सोडायचंच तर थरांवर सोडा; तिथे ते खरंच कामी येतं.